गाडी ‘मिसिंग’ करतेय? चारही कॉइल बदलण्याआधी हे तपासा

खारघर : सायन-पनवेल महामार्गावर खारघरहून कळंबोलीकडे जाताना किंवा खोपोलीहून बोरघाट चढताना पेट्रोल-सीएनजी गाडी अचानक झटके मारते, पिकअप घेत नाही आणि ‘चेक इंजिन’ची लाईट लागते. मेकॅनिकच्या भाषेत इंजिन ‘मिसिंग’ करतंय. अशा वेळी गॅरेजमध्ये बऱ्याचदा एकच सल्ला मिळतो, चारही कॉइल बदला! पण अनेकदा खराब एकच कॉइल असते. काही वेळा तर तीही नसते. नवीन पार्ट घेण्याआधी याची खात्री करता येते.

कॉइलचं काम काय?

बॅटरीतून १२ व्होल्ट मिळतात, पण प्लगला ठिणगी पाडायला हजारो व्होल्ट लागतात. ही वाढ कॉइल करते. आजच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. काही जुन्या गाड्यांत एकच कॉइल पॅक असून त्यातून प्लगला वायरी जातात. त्यातली एक कॉइल गेली की दोन सिलिंडर एकदम बसतात. डिझेल गाडीत इंधन दाबाच्या उष्णतेने पेटतं, त्यामुळे तिथे कॉइल नसतेच.

खराब का होते?

इंजिनची उष्णता आणि हादरे ही नेहमीची कारणं. प्लग झिजून गॅप वाढला की कॉइलवर ताण येतो. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून सीएनजी गाडीचे प्लग वेळेवर बदलणं महत्त्वाचं. शिवाय आपल्याकडचा पाऊस आणि सर्व्हिस स्टेशनवर इंजिनवर मारलेलं प्रेशरचं पाणी! ते प्लगच्या खड्ड्यात साचलं तरी मिसिंग सुरू होतं.

अदलाबदल करून बघा

आधी स्कॅनर लावून कोड बघायला सांगा. पी ०३०२ म्हणजे दोन नंबर सिलिंडर मिसिंग, पी ०३०३ म्हणजे तीन नंबर. समजा दोन नंबर आला. मग दोनची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा, कोड पुसा आणि गाडी चालवून पुन्हा स्कॅन करा. कोड तीनवर गेला तर कॉइल खराब. दोनवरच राहिला तर दोष प्लग, इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशनमध्ये शोधावा लागेल. तिथे नवीन कॉइल टाकून पैसे वाया जातील.

बदलताना काय करायचं?

इंजिन थंड होऊ द्या, चावी काढा, बॅटरीची मायनस वायर सोडवा. कनेक्टरचं लॉक दाबून तो काढा, वायर धरून ओढू नका. बोल्ट (बऱ्याच गाड्यांत दहा नंबरचा) खोला, कॉइल हलकेच फिरवून सरळ वर उचला. रबरी बूट चिरलाय का, खड्ड्यात पाणी किंवा ऑइल आहे का, ते बघा. ऑइल असेल तर आधी गळती थांबवा, नाहीतर नवीन कॉइलही जाईल. प्लगही त्याच वेळी तपासा. नवीन कॉइल नीट दाबून बसवा, बोल्ट बेताने आवळा आणि कनेक्टर ‘टक्’ आवाज होईपर्यंत लावा.

हे मात्र करू नका

चालू इंजिनवर कॉइल उपसून ठिणगी बघण्याची जुनी सवय सोडा. जोराचा शॉक बसू शकतो. ‘चेक इंजिन’ची लाईट लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटू नका. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या लाईनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो, आणि त्याचा खर्च कॉइलच्या कित्येक पट असतो. गाडी सुरक्षित बाजूला घ्या आणि मेकॅनिकला बोलवा.

वॉरंटी असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच जा. बाहेर काम केलं तर बिल घ्या आणि काढलेली जुनी कॉइल मागून घ्या. पैसे कशाचे दिले, ते तरी हातात दिसेल.