गोधडी उभी करा, गिऱ्हाईक उभे राहील



दिवाळी सरली की शहरांतून प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. मुंबईचे ‘महालक्ष्मी सरस’, पुण्याची ‘भीमथडी जत्रा’, शिवाय जिल्ह्याच्या गावची लहानमोठी प्रदर्शने. आपल्या बचत गटांतल्या बायका तिथे गोधड्या, टोपल्या, पिशव्या घेऊन जातात. माल अस्सल असतो, तरी पुष्कळदा निम्मा परत येतो. असे का होते, ते माझ्याच एका चुकीवरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका गटाने प्रदर्शनासाठी चौदा गोधड्या शिवल्या. जुन्या लुगड्यांचे थर, वर बारीक धावदोरा. शेतातली कामे सांभाळून एकेका गोधडीला पंधरा-वीस दुपारी गेल्या होत्या. निघताना मी बजावले, “धूळ बसेल, घड्या घालून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठेवा.” त्यांनी तसेच केले. तिसऱ्या दिवशी मी गेलो, तर टेबलावर घड्यांची चळत आणि तिच्यामागे मुकाट बसलेल्या चौघीजणी. दोन दिवसांत एकही गोधडी गेली नव्हती. घरी काय सांगायचे, याची काळजी चौघींच्या तोंडावर दिसत होती.

त्यांच्यातल्या एक म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, “साहेब, गोधडी काय घडी बघून घेत्यात व्हय? पसरल्याबिगर तिचं रूप कसं दिसंल?”

मी वरमलो. सुधारित वाणाचे प्रात्यक्षिक आम्ही रस्त्याकडेच्या शेतात घेतो, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नजरेत भरावे म्हणून. तेच इथे विसरलो होतो. लगेच बांबू आणि सुतळी आणली. सर्वांत उठावदार गोधडी मागे उभी टांगली. मावशी पुढे बसून टाके घालू लागल्या. लोक थांबू लागले, हात लावून पाहू लागले. प्रदर्शन संपले तेव्हा तीनच गोधड्या परत आल्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण प्रदर्शनात चालत नाही. शेकडो दुकानांपुढून जाणारा माणूस आपल्याकडे क्षणभरच पाहतो. तेवढ्यात त्याला माल कळला पाहिजे. त्यासाठी पुढील गोष्टी सांभाळा.

माल उभा मांडा. टेबलावर आडवी ठेवलेली वस्तू लांबून दिसत नाही. मोठी वस्तू टांगा. लहान वस्तूंसाठी रिकामी खोकी उपडी घालून त्यांवर कापड टाका आणि पायऱ्या करा. मागे उंच, पुढे ठेंगणे.

मागचा पडदा एकरंगी ठेवा. रंगीबेरंगी गोधडीमागे फुलाफुलांची साडी लावली, तर दोन्हींचा गोंधळ होतो. साधे मांजरपाट पुरे.

उजेड मालावर पाडा, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर नको. पिवळ्या दिव्यात रंग बदललेले दिसतात, म्हणून पांढरा दिवा मागून घ्या.

पाटी थोडक्यात लिहा. वस्तूचे नाव आणि गावाचे नाव, दोन-तीन इंच उंचीची अक्षरे. गटाचे लांबलचक नाव खाली बारीक चालेल.

प्रत्येक वस्तूवर किंमत लिहा. भाव विचारायला संकोच वाटतो म्हणून पुष्कळजण पुढे जातात. किंमत ठरवताना कापड-दोऱ्याबरोबर आपल्या दुपारीही हिशेबात धरा.

टेबल तोंडाशी आडवे लावून वाट अडवू नका. टेबले कडेने लावा, माणसाला आत येऊ द्या. आपण खुर्चीत बसून राहू नका. हातात काम असू द्या. काम चाललेले दिसले की माणूस आपणहून बोलतो. एक गोधडी हात लावून पाहण्यासाठी वेगळी ठेवा, म्हणजे बाकीच्या मळणार नाहीत. उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्या पुढे मांडा. गोधडी न परवडणारा निदान पिशवी तरी नेतो. सुट्टे पैसे आणि मोबाइलवर पैसे घेण्याचा क्यूआर कोड, दोन्ही जवळ असू द्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे, जाण्याआधी घरीच तालीम करा. आयोजकांकडून जागेचे माप विचारा. दहा फूट बाय दहा फूट असेल, तर तेवढा चौकोन अंगणात फक्कीने आखा आणि सगळा माल मांडून पाहा. मग शेजारणीला समोरून न थांबता चालत जायला सांगा आणि विचारा, “बाई, काय दिसलं?” तिने वस्तूचे नाव सांगितले, तर मांडणी जमली. “पुष्कळ काय काय होतं,” म्हणाली, तर निम्मा माल आत ठेवा आणि पुन्हा मांडा.

यातले बहुतेक सामान घरातच सापडते. बी पेरण्याआधी आपण रान तयार करतो ना? तसेच हे आहे. गोधडीला पंधरा दुपारी दिल्यात, तर मांडणीला एक दुपार जरूर द्या.