शस्त्रक्रियापूर्व पोषक पेये
शस्त्रक्रियापूर्व पोषक पेये : शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे पोषण सुधारण्यासाठी अथवा दीर्घ उपवासाचे दुष्परिणाम टाळण्यासाठी द्यावयाची द्रवरूप अन्ने. शस्त्रक्रियेने ऊतकांना इजा होताच श्वेत कोशिका इंटरल्यूकिन-६ यांसारखी द्रव्ये स्रवतात व त्यांच्या प्रभावाने यकृतात सी-प्रतिक्रियाशील प्रथिन निर्माण होते. त्याची रक्तातील पातळी साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमाल होते. ही शोथप्रतिक्रिया (दाहयुक्त सुजेची प्रक्रिया) जखम भरण्यास आवश्यक असते. परंतु ती अतिरिक्त झाल्यास इन्शुलिनाचा परिणाम मंदावतो, रक्तशर्करा वाढते आणि स्नायूंतील प्रथिने झिजतात. मुळात कृश असलेल्या रुग्णास ही झीज सोसत नाही. जठरव्रणाच्या शस्त्रक्रियेपूर्वी २० टक्क्यांहून अधिक वजन घटलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण सु. ३३ टक्के, तर इतरांत ३.५ टक्के असल्याचे एच. ओ. स्टडली यांनी १९३६ मध्ये दाखविले.

जठरातील अन्न भुलेत श्वसनमार्गात शिरण्याचा धोका सी. एल. मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये प्रसूतीच्या रुग्णांत वर्णिला. पुढे मध्यरात्रीपासून काहीही न देण्याची प्रथा रूढ झाली. तथापि निरोगी जठरातून पाणी लवकर पुढे सरकते. म्हणून आता नियोजित शस्त्रक्रियेत निर्मळ पेये २ तास आधीपर्यंत, तर हलके अन्न व दूध ६ तास आधीपर्यंत चालतात. दुधाचा चहा निर्मळ पेय नव्हे.

प्रकार : (१) कार्बोहायड्रेटयुक्त पेये : यांत सु. १२.५ टक्के माल्टोडेक्स्ट्रिन असते. आदल्या रात्री ८०० मिलि. व भुलेपूर्वी २ तास ४०० मिलि. अशी नेहमीची मात्रा आहे. स्वीडनमध्ये ओ. ल्युंगक्विस्ट व सहकाऱ्यांनी या पद्धतीचा पाया घातला. तहान-भूक व इन्शुलिनरोध कमी होतात. मात्र शोथदर्शक द्रव्ये घटतातच असे सर्व प्रयोगांत आढळलेले नाही. (२) प्रतिक्षमतापोषक पेये : यांत आर्जिनीन, ओमेगा-३ वसाम्ले व न्यूक्लिओटाइडे असतात. अन्नमार्गाच्या कर्करोगावरील मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी ती ५ ते ७ दिवस देतात. संक्रामण घटल्याचे अनेक अभ्यासांत दिसते. तीव्र कुपोषणात शक्य असल्यास ७ ते १४ दिवस पोषण करून मगच शस्त्रक्रिया करणे हितावह ठरते.

जठर रिकामे होण्यास विलंब, आतड्याचा रोध किंवा तातडीची शस्त्रक्रिया असल्यास २ तासांचा नियम लागू पडत नाही. मधुमेहात शर्करायुक्त पेय वैद्यकीय सल्ल्यानेच द्यावे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत पांडुरोग आढळला. १९९८ मध्ये अकोल्यापासून वेगळा झालेला वाशिम जिल्हा २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांत समाविष्ट झाला. त्या कार्यक्रमात आरोग्य व पोषण हा प्रमुख विषय आहे. अशा प्रदेशात महागड्या डबाबंद पेयापेक्षा शस्त्रक्रियेचा दिवस ठरताच वजन व हीमोग्लोबिन तपासणे, लोहाची उणीव भरून काढणे आणि तेथेच पिकणाऱ्या तूर, हरभरा व सोयाबीन यांच्या जोडीला दूध-अंडी देऊन प्रथिने वाढविणे अधिक उपयुक्त ठरते. अखेरच्या दोन तासांच्या पेयाने महिन्यांची उपासमार भरून निघत नाही.