लोणच्यातली मुळी आणि मुलुंडची प्रयोगशाळा

घाटकोपर-मुलुंडकडच्या एखाद्या गुजराती शेजाऱ्यांकडे तुम्ही गरमरचे लोणचे चाखले आहे का? गरमर म्हणजे तुळशीच्याच कुळातील एका झुडपाची जाडसर, सुवासिक मुळी. मराठीत तिला मैनमूळ म्हणतात. या मुळीत औषध आहे, असे सांगितले तर?

मुलुंडला 1972 साली हेक्स्ट कंपनीचे संशोधन केंद्र सुरू झाले. तेथे अनेक भारतीय वनस्पतींचे अर्क काढून त्यांचा रक्तदाबावर व हृदयावर काय परिणाम होतो, हे प्राण्यांवर तपासले जाई. मैनमुळाच्या अर्काने रक्तदाब उतरला! पण अर्कात शेकडो द्रव्ये असतात. त्यांतले नेमके कोणते गुणकारी? त्यासाठी अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग तपासायचा आणि ज्यात गुण दिसेल तोच पुढे न्यायचा. अखेर हाती आले पांढरे, स्फटिकमय ‘फोर्स्कोलिन’. त्याची रेणुरचना सुजाता भट, एन. जे. डिसूझा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 साली प्रसिद्ध केली.

हे द्रव्य करते तरी काय? 1981 साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवले, की ते पेशीतील ॲडेनिलिल सायक्लेज या विकराला थेट चालना देते. त्यामुळे चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो. मग हृदयाचे स्नायू जोराने आकुंचन पावतात. रक्तवाहिन्यांचे स्नायू मात्र सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो.

एवढे गुण असूनही ते सहजासहजी औषध झाले नाही. फोर्स्कोलिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मग ते शिरेतून द्यायचे कसे? जपानी शास्त्रज्ञांनी रेणूत फेरफार करून विरघळणारे रूप बनवले. 1999 साली तेथे ते तीव्र हृदयदौर्बल्यावरील औषध ठरले. मूळ फोर्स्कोलिन आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींच्या अभ्यासासाठी वापरतात.

मात्र लोणचे खाऊन रक्तदाब बरा करू नका हं! प्रत्येक मुळीत द्रव्याचे प्रमाण वेगळे असते. औषधात ते मोजून घातलेले असते. मुळीची चूर्णे विकत मिळतात. पण रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर ती घेतली, तर दाब धोकादायक इतका उतरू शकतो.

आता एक गणित. फोर्स्कोलिनच्या रेणूत कार्बनचे 22, हायड्रोजनचे 34 व ऑक्सिजनचे 7 अणू असतात. रेणुभार किती? उत्तर 410 आले, तर शाबास!