स्वाध्यायासाठीं इंग्रजी पुस्तकांची निवड

पेण तालुक्यांतील जोहे गांवच्या गणेशमूर्ती परदेशींही जातात. तेथील कारखान्यांत मूर्ति आधीं सांच्यांतून काढितात, मग रंगवितात. डोळ्यांची आखणी त्यानंतर. परदेशच्या ग्राहकास इंग्रजींत पत्र लिहूं इच्छिणाऱ्या तरुणानेंही पुस्तकें निवडतांना असाच क्रम राखावा. आरंभींच कठीण पुस्तक घेऊन निराश झालेला विद्यार्थी आपल्या बुद्धीस दोष देतो. दोष बहुधा निवडीचा असतो.

पहिलें पुस्तक मराठीच्या आधारानें शिकविणारें असावें. तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’ अनेक पिढ्यांनीं अभ्यासिली, ती ह्याच गुणामुळें. मात्र उत्तरें ताडून पाहण्याची सोय हवी. शिक्षक जवळ नसतां चूक दाखविणार कोण?

दुसरें पुस्तक वाचनाचें. बंगालमध्यें काम करीत असतां मायकेल वेस्ट यांनीं मोजक्या शब्दांचीं, क्रमानें वाढत जाणारीं वाचनपुस्तकें रचिलीं. पुढें १९५३ सालीं त्यांची सुमारें २,००० नित्योपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. त्यांतील तत्त्व सोपें आहे. कोणत्याही पानावरील शंभर शब्द मोजावे; दोनतीनांहून अधिक अपरिचित निघाल्यास तें पुस्तक तूर्त बाजूस ठेवावें.

तिसरा कोश. १९४२ सालीं तोकियो येथें निघालेला हॉर्न्बी यांचा कोश परभाषी विद्यार्थ्यांकरितांच रचिला होता. शब्दाच्या अर्थाबरोबर त्याचा वाक्यांतील उपयोगही दाखविणारा असा कोश घ्यावा.

एवढीं तीन पुस्तकें पुरेत. विद्यार्थिमित्रहो, कपाटांत दहा असण्यापेक्षां हीं तीन अखेरपर्यंत वाचून होणें अधिक हितावह होय.