तोंड समुद्राकडे करा!

बुरोंडीला सूर्य समुद्रात मावळतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी संध्याकाळी किनाऱ्यावर आलेलं जोडपं नेमकं समुद्राकडे पाठ करून उभं राहतं आणि म्हणतं, “दादा, मागचा सूर्यही आला पाहिजे हं!” सूर्य झकास येतो, नवराबायको मात्र कोळशासारखी येतात. मग खापर फुटतं ते फोटोवाल्याच्या डोक्यावर!

मी मराठीचा मास्तर. पण तिथल्या एका फोटोग्राफरची शिकवण्याची हातोटी पाहून मला त्याचा हेवा वाटला. तो जोडप्याला म्हणाला, “वहिनी, डोळ्याला आभाळ आणि चेहरा दोन्ही दिसतात, कॅमेऱ्याला एका वेळी तेवढं पेलत नाही. चेहरे हवेत, तर तोंड समुद्राकडे करा. मागे सूर्यच हवा, तर नुसत्या काळ्या आकृती येतील, नाहीतर फ्लॅश मारावा लागेल. बोला, काय काढू?” झालं! एक आकडा नाही की अवघड शब्द नाही.

हाताखालच्या पोराला मात्र आकडेच. “एफ म्हणजे भागाकार रे! ५० मिलिमीटरचं भिंग. एफ २ ला भोक २५ मिलिमीटरचं, एफ ८ ला जेमतेम सव्वासहा. आकडा मोठा, भोक लहान. शटर १/१००० सेकंद उघडलं तर लाटेचे थेंब जागच्या जागी थिजतात. अर्धा सेकंद उघडं राहिलं तर त्याच लाटेचं धुकं होतं.”

गिऱ्हाइकाला अर्थ सांगावा आणि शिकाऊला व्याकरण, हे त्याला बरोबर उमगलं होतं. ही विद्या शिकवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथं शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे धंदेवाईक छायाचित्रकार झाले.

“मोबाइल घरोघरी आहे, मग बटन दाबायचे एवढे पैसे कशाला?” एका आजींनी त्याला रोखठोक विचारलं. त्यानं त्यांना उन्हातून उठवून पडवीत, उजेड एका बाजूनं येईल अशा बेतानं बसवलं. “आजी, उन्हात डोळे बारीक होतात. इथं सुरकुती न् सुरकुती गोड दिसेल.” आजी पदर सारखा करत म्हणाल्या, “नीट काढ बाबा. माझ्यामागं भिंतीवर हाच राहायचा आहे.”

तेव्हा वाचकहो, यंदा दिवाळीत सहकुटुंब फोटो काढायचा बेत असेल, तर फोटोवाल्याला दोन गोष्टी आधी सांगा: फोटो कशासाठी हवा आणि त्यात कोण नीट दिसलं पाहिजे. मग तो सांगेल तिकडे, बिनतक्रार, तोंड करा!