नगरपालिकेचे वीजबिल : बचतीचा पैसा बिलातच आहे

गावातील पथदिवे बंद पडले की लोक वायरमनला शोधतात. पण कधी कधी दोष तारेत नसून तिजोरीत असतो. २०२१ साली महाराष्ट्रातील अनेक गावांत हेच घडले. ग्रामपंचायतींकडे पथदिव्यांच्या बिलाची थकबाकी साचली, महावितरणने जोडण्या तोडल्या आणि रस्ते अंधारात गेले. त्याच वर्षी पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून ही बिले भरण्याची मुभा शासनाने दिली. म्हणजे गावाच्या कामासाठी आलेला पैसा विजेच्या बिलात गेला. नगरपालिकांची गोष्टही फारशी वेगळी नाही. घरपट्टी आणि पाणीपट्टी भरणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने, कारखानदाराने हा हिशेब समजून घेतला पाहिजे.

नगरपालिकेची वीज मुख्यतः दोन ठिकाणी खर्च होते : रस्त्यावरचे दिवे आणि पाणीपुरवठ्याचे पंप. कार्यालये, दवाखाने, शाळा यांचा वाटा त्यामानाने लहान असतो. म्हणून बचतीची सुरुवात या दोन ठिकाणांपासूनच करावी.

दिव्यांचा हिशेब

जुना १५० वॅटचा सोडियम दिवा आपल्या चोकसह सुमारे १७० वॅट वीज घेतो. त्याच खांबावर ७० वॅटचा चांगला एलईडी दिवा बहुधा पुरतो. दिवे रोज ११ तास जळतात असे धरले तर वर्षाचे सुमारे ४ हजार तास होतात. जुना दिवा वर्षाला ६८० युनिट खातो, नवा २८० युनिट. एका खांबामागे ४०० युनिट वाचले. गावात असे ३ हजार खांब असतील तर १२ लाख युनिट वाचतील. युनिटचा दर ७ रुपये धरा, वर्षाची बचत ८४ लाख रुपये होते. ज्याने त्याने आपल्या गावाचा दर आणि खांबांची संख्या घालून हे गणित पुन्हा मांडावे.

याहून स्वस्त उपाय म्हणजे टाइमर. सकाळी नऊ वाजताही दिवे जळत असलेला एखादा रस्ता बहुतेक गावांत सापडतो. रोजचे दोन तास वाचवायला नवा दिवा लागत नाही.

पंपांचा हिशेब

दिवे सर्वांना दिसतात, पंप कोणाला दिसत नाहीत. म्हणून तेथील गळती वर्षानुवर्षे चालते. रोज १ कोटी लिटर पाणी ६० मीटर उंच चढवायचे असेल, तर निसर्गनियमानेच सुमारे १,६३५ युनिट लागतात. पण कोणताही पंप आणि मोटर सगळी वीज कामी लावत नाहीत. दोघांची मिळून कार्यक्षमता ५० टक्के असेल तर ३,२७० युनिट लागतील. ती ७० टक्के असेल तर सुमारे २,३४० युनिटांत तेच काम होईल. फरक रोजचा ९३० युनिटांचा. वर्षाला ३ लाख ४० हजार युनिट, म्हणजे ७ रुपयांच्या दराने सुमारे २४ लाख रुपये.

कार्यक्षमता का घटते? इंपेलर झिजतो. जळालेली मोटर पुन्हा पुन्हा रिवाइंडिंग करून वापरली जाते आणि काम नीट झाले नसेल तर प्रत्येक वेळी थोडी जास्त वीज खाऊ लागते. गरजेपेक्षा मोठा पंप बसवून व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवला जातो. आणि जलवाहिनी गळत असेल तर पाण्याबरोबर ते चढवण्याची वीजही मातीत जाते. शंभरातले तीस लिटर वाटेत गळाले, तर पंपाच्या बिलातले तीस रुपयेही गळाले.

बिल वाचा

एकही वस्तू न बदलता काही बचत होते. सर्व मीटरांची यादी करावी. बंद पडलेल्या बोअरच्या जोडणीचे स्थिर आकार चालू असतील तर ती जोडणी रद्द करून घ्यावी. मंजूर मागणी प्रत्यक्ष गरजेपेक्षा जास्त असेल तर कमी करून घ्यावी. पॉवर फॅक्टर घसरला असेल तर कपॅसिटर तपासावेत. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचे बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर आकारले जाते, त्यामुळे पॉवर फॅक्टर खराब तर बिल थेट वाढते. दिवसाच्या कोणत्या तासांत वीज स्वस्त आहे ते पाहून, जलकुंभ त्या वेळी भरावेत.

पैसा कोठून आणायचा?

नगरपालिका म्हणेल, दिवे बदलायला भांडवल नाही. यावर दोन मार्ग वापरात आले आहेत.

पहिला, कंपनीने खर्च करायचा आणि बचतीतून हप्ते घ्यायचे. हुदहुद वादळाने २०१४ साली विशाखापट्टणमचे पथदिवे उद्ध्वस्त केले. त्यानंतर सरकारी कंपनी ईईएसएलने याच पद्धतीने तेथे ९० हजारांहून अधिक एलईडी दिवे बसवले. जानेवारी २०१५ मध्ये पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे देशभर एक कोटीहून अधिक दिवे बदलले गेले. मात्र या मार्गात करार नीट वाचावा लागतो. बंद दिवा किती तासांत दुरुस्त होईल, न झाल्यास दंड किती, बचत कोणत्या मीटरवर मोजायची, हे लिहून घेतले नाही तर भांडण ठरलेले. हप्ते थकले तर दुरुस्तीही थांबते.

दुसरा मार्ग जर्मनीतील श्टुटगार्ट शहराने १९९५ पासून चालवला आहे. तेथील पालिकेने स्वतःचाच एक फिरता निधी उभारला. पालिकेचा ऊर्जा विभाग त्यातून शाळा, रुग्णालय, जलतरण तलाव अशा इतर खात्यांना सुधारणेसाठी पैसे देतो, तेही बिनव्याजी. विजेच्या आणि इंधनाच्या बिलात जेवढी बचत होईल तेवढी रक्कम निधीत परत येते. पूर्ण फेड झाली की पुढची बचत त्या खात्याची. परत आलेल्या पैशातून पुढचे काम होते.

खरी मेख येथेच आहे. आपल्याकडे दिवे बदलण्याचा खर्च एका खात्यावर पडतो आणि बिल दुसरीकडून भरले जाते. जो मेहनत करतो त्याच्या हाती काही लागत नाही, आणि वाचलेला पैसा अंदाजपत्रकात विरून जातो. बचतीचे खाते वेगळे ठेवले नाही तर दिवे बदलूनही पुढच्या वर्षी पंपासाठी हात रिकामेच राहतील.

व्यापाऱ्यांसाठीही यात काम आहे. वीज तपासणी, चांगल्या दर्जाचे रिवाइंडिंग, पंपांची देखभाल, दिव्यांची दुरुस्ती ही कामे गावातील हुशार तरुण करू शकतात. त्यासाठी पालिकेने मोठ्या ठेक्याचे काही भाग वेगळे काढायला हवेत.

आपल्या नगरसेवकाला तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षी पालिकेने विजेवर किती खर्च केला? पंपांची कार्यक्षमता शेवटची केव्हा तपासली? आणि वाचलेला पैसा कोणत्या खात्यात जमा झाला? उत्तर मिळाले नाही, तर बचतीचे काम अजून सुरूच झालेले नाही असे समजा.