भुईगावच्या विहिरींचे खारेपण : गटवार स्तंभालेख कसा काढावा?



वसईच्या पश्चिम पट्ट्यात भुईगाव, निर्मळ, कळंब, राजोडी ही गावे समुद्राला लागून आहेत. येथील केळी, पानवेल, भाजीपाला आणि फुलांच्या वाड्या विहिरींच्या व बावखलांच्या गोड्या पाण्यावर पोसल्या गेल्या. उन्हाळ्यात पाणी मचूळ लागते हे प्रत्येक बागायतदार सांगतो. परंतु कोणत्या विहिरी, कोणत्या महिन्यापासून आणि किती खाऱ्या होतात, हे बहुधा कोठेच लिहिलेले नसते. गावाने स्वतःच विहिरींची पाहणी करून तिचा स्तंभालेख काढला, तर उन्हाळी लागवडीचा निर्णय अंदाजावर सोडावा लागत नाही. हे काम कसे करावे ते या लेखात दिले आहे.

प्रथम कारण समजून घेऊ. किनाऱ्याजवळ जमिनीखालील गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी मिळते, असा भूजलशास्त्रातील ढोबळ नियम आहे. म्हणजेच उपशाने पातळी १ मीटर कायमची खाली गेली, की खाऱ्या पाण्याची सीमा सुमारे ४० मीटर वर सरकू शकते. बावखलात साठून जमिनीत मुरणारे पावसाचे पाणी या उपशाची भरपाई करते. बावखले बुजविल्याने किती नुकसान होते, ते यावरून ध्यानात यावे.

पाण्याचे खारेपण विद्युत वाहकतेवरून मोजतात. तिचे एकक डेसीसायमन प्रति मीटर हे आहे. ओलिताच्या पाण्याच्या प्रचलित वर्गवारीनुसार ०.२५ पर्यंत कमी, ०.२५ ते ०.७५ मध्यम, ०.७५ ते २.२५ जास्त आणि २.२५ च्या पुढे अति क्षारता समजतात. काही अहवालांत ०.७५ हाच आकडा ७५० मायक्रोसायमन असा दिलेला असतो. सर्व आकडे एकाच एककात आणल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नमुने व नोंदी

समजा, गावातील १२ विहिरी निवडल्या. खाऱ्या पाण्यापासूनच्या अंतरानुसार त्यांचे तीन गट पाडावेत : ५०० मीटरच्या आत 'जवळ', ५०० ते १००० मीटर 'मध्य' आणि त्यापुढे 'दूर'. अंतर केवळ समुद्रापासून मोजू नये. खाडी जवळ असेल तर ते खाडीपासून धरावे. ऑक्टोबर, जानेवारी आणि मे महिन्यांत प्रत्येक विहिरीचा नमुना घ्यावा. पंप दहा-पंधरा मिनिटे चालवून, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळून मग ती भरावी व माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेकडे पाठवावी.

संगणकावरील नोंदीत एका ओळीत एकच मोजणी असावी. वर्ष, विहीर क्रमांक, गट, महिना व वाहकता असे पाच रकाने पुरेत. १२ विहिरी व तीन महिने मिळून ३६ ओळी होतील. आकडे मात्र इंग्रजी अंकांतच टंकावेत. देवनागरी अंकांना 'आर' ही संगणकीय भाषा संख्या न मानता अक्षरे समजते आणि बेरीजच होत नाही.

एकच सरासरी का नको?

पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्यक्ष मोजणीचे नाहीत. मे महिन्यात 'जवळ' गटाची सरासरी ३.२, 'मध्य' १.२ आणि 'दूर' ०.७ आली. प्रत्येक गटात चार विहिरी असल्याने गावाची सरासरी १.७ होते. ती वाचून वाटेल की जपून वापरले तर पाणी चालेल. प्रत्यक्षात पहिल्या गटाचे पाणी अति क्षारतेच्या वर्गात गेलेले आहे, तर तिसऱ्या गटाला फारशी अडचणच नाही. १.७ हा आकडा यांपैकी कोणत्याही गटाचा नव्हे.

कृषि गणनेतही हेच दिसते. महाराष्ट्रात सरासरी वहितीचे क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आले. परंतु अर्धा हेक्टरवाला आणि दहा हेक्टरवाला या सरासरीत एकत्र मिसळतात, म्हणून गणनेचे तक्ते सीमांत, अल्प, निम-मध्यम, मध्यम आणि मोठे अशा पाच गटांत छापतात.

आलेख काढताना

'आर' ही भाषा विनामूल्य मिळते व साध्या संगणकावर चालते. घरातील शिकलेल्या मुलामुलींच्या मदतीने हे काम एका दुपारी होण्यासारखे आहे. 'रीड डॉट सीएसव्ही' या आज्ञेने फाइल वाचावी. 'टीॲप्लाय' या आज्ञेला वाहकता, महिना आणि गट देऊन सरासरी मागावी, म्हणजे महिने आडव्या ओळींत व गट उभ्या रकान्यांत असा छोटा तक्ता मिळतो. हा तक्ता 'बारप्लॉट' आज्ञेला दिला की आलेख तयार होतो.

येथे दोन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला असा की, वेगळे सांगितले नाही तर 'बारप्लॉट' स्तंभ एकावर एक रचते. 'जवळ' गटाचे ऑक्टोबरचे ०.८, जानेवारीचे १.५ आणि मेचे ३.२ मिळून ५.५ उंचीचा एकच स्तंभ उभा राहतो. केळी व पानवेलीच्या क्षेत्राची बेरीज करता येते, खारेपणाची नाही! म्हणून आज्ञेत 'बिसाइड' समोर 'ट्रू' लिहावे. मग प्रत्येक गटाचे तीन स्तंभ शेजारी-शेजारी येतात. दुसरा घोटाळा क्रमाचा. संगणक गटांची नावे अक्षरक्रमाने लावतो, त्यामुळे जवळ, दूर, मध्य असा क्रम येतो आणि चढ-उतार भलताच दिसतो. 'फॅक्टर' आज्ञेतील 'लेव्हल्स'मध्ये जवळ, मध्य, दूर असा क्रम आपण स्वतः द्यावा. आपल्या तीन महिन्यांचा क्रम मात्र अक्षरांप्रमाणेही बरोबर लागतो, तो योगायोग समजावा.

'एबीलाइन' आज्ञेने ०.७५ आणि २.२५ वर आडव्या रेषा माराव्यात. कोणता स्तंभ कोणती रेषा ओलांडतो ते मग लांबूनही दिसते. उभा अक्ष शून्यापासूनच सुरू करावा. तो मध्येच कापला तर लहानसा फरक डोंगराएवढा भासतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ३.२ ही सरासरी २.९, ३.१, ३.३, ३.५ अशा चार विहिरींची असू शकते. तशीच ती १.०, १.१, १.३ आणि ९.४ यांचीही असू शकते. स्तंभ दोन्ही वेळा सारखाच उंच! पहिल्या वेळी सर्व पट्टाच खारा झाला आहे. दुसऱ्या वेळी दोष एका विहिरीत आहे, आणि तिचा उपसा व खोली पाहिली पाहिजे. म्हणून स्तंभांवर प्रत्येक विहिरीचा ठिपका 'पॉइंट्स' आज्ञेने काढावा. 'बारप्लॉट' प्रत्येक स्तंभाचा मध्य कोठे आहे ते परत सांगते, त्याच जागी ठिपके बसतात. गटाखाली विहिरींची संख्याही लिहावी.

आलेखात एखाद्या गटाच्या सर्वच विहिरींचे मेचे ठिपके २.२५ च्या वर असतील, तर त्या पट्ट्यात उन्हाळी घेवडा किंवा केळीची नवी लागवड टाळावी. नारळ हे खारेपण तुलनेने अधिक सोसतो. पंप सलग न चालवता थोडा थोडा वेळ चालवावा आणि बावखलात गोडे पाणी असेल तर ते नाजूक पिकांसाठी राखावे. पाऊस संपल्यावर पुन्हा त्याच विहिरींचे, त्याच महिन्यांत नमुने घ्यावेत आणि नव्या ओळी त्याच फाइलच्या तळाशी, वर्षाच्या रकान्यात नवे वर्ष घालून, भराव्यात.